उत्तरेचं दार

थर्झा कॅचपोलला दर रविवारी चार माणसं व्हीलचेअरसकट उचलून चर्चमध्ये नेत, आणि दर रविवारी त्यांतलं कोणीतरी म्हणे, "किती हलकी आहेस गं तू." एकदा तिने उत्तर दिलं, "मी हलकी नाहीये. तुम्ही चौघं आहात."

थर्लिंगमच्या आमच्या चर्चमध्ये तेव्हा दक्षिणेच्या देवडीतूनच जावं लागायचं, आणि आत जायला चार दगडी पायऱ्या उतराव्या लागायच्या. चर्च खचलेलं नाही. जमीन वर आली आहे. सातशे वर्षं गावाने आपली माणसं दक्षिणेलाच पुरली, एकावर एक, जागा संपली की पुन्हा तिथेच, आणि प्रत्येक माणूस जाताना थोडी माती मागे ठेवून जातो. मी नोकरीची सगळी वर्षं मातीचे नमुने तपासण्यात घालवली, त्यामुळे मला यात गूढ काही वाटत नाही. उत्तरेकडे मात्र कोणी कोणाला पुरलं नाही. ती बाजू सावलीची, थंड, आणि गावाच्या मते सैतानाची. म्हणून तिथली जमीन होती तिथेच राहिली, आतल्या फरशीच्या अगदी बरोबरीला.

त्या बाजूला एक दार आहे. तेव्हा त्याची कमान दिसायची, दोन्ही बाजूंचे घडवलेले दगड दिसायचे, आणि मध्ये विटांची भिंत. गाव त्याला सैतानाचं दार म्हणतं. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळातून निघालेला सैतान तिथून बाहेर जायचा, आणि तो परत येऊ नये म्हणून पूर्वजांनी दार बुजवलं, अशी गोष्ट आहे. बाळाच्या कपाळावर पाणी पडलं की चर्चचा विश्वस्त जाइल्स डॅकम्ब आपली काठी घेऊन उत्तरेच्या भिंतीपाशी जायचा आणि तीनदा ठोकायचा. म्हणजे सैतानाने भिंतीतून जावं. लोक हसायचे, फोटो काढायचे. मीही बरीच वर्षं हसले.

थर्झा आमच्या मनोऱ्यातली सगळ्यात जड घंटा वाजवायची. तिच्या हातांकडे बघून कोणालाही ते कळलं असतं. मग तिच्या पायांतल्या नसा हळूहळू निकामी होत गेल्या. आधी काठी आली, मग दोन काठ्या, मग खुर्ची. मनोऱ्याचा जिना तिने सोडला तेव्हा ती काही बोलली नाही. देवडीच्या पायऱ्या सुटल्या तेव्हा मात्र बोलायला लागली, आणि थांबली नाही.

तिला उचलणाऱ्या चौघांत पहिली काही वर्षं तिचा नवरा एडविन होता. मग त्याची फुप्फुसं गेली. आयुष्यभर त्याने डॅकम्बांच्या शेतावरची यंत्रं दुरुस्त केली होती. त्या धुळीनेच खाल्लं असं थर्झा म्हणायची, आणि सिगारेटींनी असं डॉक्टर. फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा तो स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसला होता, नाकात नळी, समोर चहा.

"ये हेस्टर," तो म्हणाला. "बस. माझ्या मयतीची तयारी चाललीये. गाणी ठरली. हॅमचे सँडविच ठरले. आता फक्त मी बाकी आहे."

"गप बस," थर्झा म्हणाली.

"ही म्हणते, तिला माझ्यामागून चालत आत यायचंय."

"चालत नाही. खुर्चीवरून. पण माझी मी." ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. "तूच सांग. पुढे सहा जण याची पेटी घेऊन उतरणार. ती टेकवली की त्यांतलेच चौघं परत बाहेर येणार आणि मला उचलणार. एका दुपारी दोन खेपा. लोक म्हणतील, पहिली जड होती, दुसरी हलकी."

एडविन हसला, मग खोकला, बराच वेळ. श्वास परत आल्यावर म्हणाला, "मी उचलायचो तेव्हा नाही कधी बोललीस."

"तू उचलायचास तेव्हा तू मला उचलत होतास. ते स्वतःचं पुण्य उचलतात."

"माझं काय, मी तर मेलेला असेन," तो म्हणाला. "मला नाही कळायचं कोण कुठून आलं. पण तुला भांडायचं असेल तर भांड. माझ्यासाठी थांबू नकोस. मी काही फार थांबणार नाहीये."

एवढंच होतं सगळं. थर्झाला नवऱ्याच्या पेटीमागून स्वतःच्या चाकांवर चर्चमध्ये जायचं होतं, आणि चर्चला एकच सपाट दार होतं.

दक्षिणेला पायऱ्यांऐवजी उतार बांधायचा प्रस्ताव आधीच एकदा फेटाळला गेला होता. देवडी चौदाव्या शतकातली, तिच्या पायऱ्यांना हात लावता येणार नाही, आणि बाहेरून उतार काढायचा तर तो इतका लांब होणार की निम्मी थडगी हलवावी लागणार. हे मला पटण्यासारखं होतं. मग उत्तरेचं दार का नाही, असं मी रेव्हरंड फेलिसिटी ऑर्म यांना विचारलं. फेलिसिटीबाईंकडे अशी पाच चर्चं होती आणि पाचही ठिकाणी गळत होतं. त्या म्हणाल्या, "जाइल्सशी बोला." जाइल्स म्हणाला, "अगं, सातशे वर्षं बंद असलेलं दार!"

सातशे वर्षं हे ऐकून मी पहिल्यांदा नीट बघायला गेले.

बाहेरून दाराचा उंबरठा गवताखाली गेला होता. मी गुडघ्यावर बसून खुरप्याने गवत सोललं. उंबरठा चुनखडीच्या एका लांब दगडाचा होता आणि मधोमध झिजून बशीसारखा खोलगट झाला होता. पावसाने दगड असा झिजत नाही. पाऊस सगळीकडे सारखा पडतो, पाय मध्येच पडतात. मग दक्षिणेच्या दाराचा उंबरठा पाहिला. दगड तोच, त्याच खाणीतला. तो जेमतेम घासलेला होता. मग विटा पाहिल्या. कडा सरळ, यंत्रात दाबलेल्या. त्यांच्यामधला चुना काळपट, त्यात कोळशाच्या राखेचे खडे. अशी वीट मध्ययुगात कोणी पाडत नव्हतं. ती भिंत व्हिक्टोरिया राणीच्या आधीची असणं शक्य नव्हतं.

आत गेले. विटांच्या आतल्या अंगाला संगमरवराची मोठी पाटी होती: सर ऑगस्टस डॅकम्ब, ज्यांनी या पवित्र वास्तूचा जीर्णोद्धार केला. पाटीच्या शेजारी भिंतीत एक लहान कोनाडा आहे. त्यात फुलं लावणाऱ्या बायका कात्री आणि तार ठेवतात. मी कात्री बाजूला केली. कोनाड्याच्या तळाला दगडात कोरलेलं उथळ वाडगं होतं. जुन्या काळी आत येणारा माणूस त्यातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवून कपाळाला लावत असे. सैतानाच्या वाटेवर असलं वाडगं कोणी कोरत नाही.

उरलं एकच, की एवढे लोक उत्तरेकडून येत कुठून होते? उत्तरेला डॅकम्बांचं उद्यान आहे, ओकची झाडं आणि मेंढ्या. तिथून एक सार्वजनिक पायवाट जाते. तिच्या कडेला चिचुंद्र्यांसारखे प्राणी, मोल, बिळं उकरतात, आणि खालची माती वर आणून टाकतात. त्या ढिगाऱ्यांत मला मध्ययुगीन मडक्यांच्या खापऱ्या मिळाल्या, एका दुपारी खिसाभर. गवताखाली घरांच्या चौथऱ्यांचे चौकोनी उंचवटे आहेतच. तिरपं ऊन असलं की कोणालाही दिसतात.

म्हणजे गाव तिथे होतं. सगळं गाव त्या दाराने यायचं. मग कोणा डॅकम्बला खिडकीतून झोपड्यांऐवजी झाडं बघायची होती. गाव उचलून दक्षिणेला ठेवलं गेलं, आणि पुढे ऑगस्टसने दार बुजवलं, म्हणजे कोणी जुन्या सवयीने त्याच्या हिरवळीवरून येऊ नये. दगड मला फक्त एवढं सांगतो की दार खूप वापरलं गेलं आणि अलीकडे बंद झालं. कारण मी जुळवलं आहे. पण याहून चांगलं कारण मला अजून कोणी दिलेलं नाही.

सैतान नंतर आला. गावाला हाकललं हे लक्षात ठेवण्यापेक्षा सैतानाला हाकललं हे लक्षात ठेवणं सोपं असतं.

मार्चच्या सुरुवातीला चर्च समितीची खुली बैठक झाली. गावच्या सभागृहात, चहा आणि लिंबाच्या केकसकट. मी खापऱ्या पिशवीत घालून नेल्या होत्या आणि उंबरठ्यांचे फोटो. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. मी हळू बोलते, आणि मागच्या रांगेतून "जरा मोठ्याने" असं दोनदा आलं. पण मी सगळं सांगितलं.

संपल्यावर जाइल्स डॅकम्ब टाळ्या वाजवणारा पहिला होता. उंच, साठीच्या पुढचा, कोपरांवर चामडं लावलेला जुना कोट. तो कधी आवाज चढवत नाही. मला त्याचा राग येतो तो त्यामुळेच.

"फारच रंजक, हेस्टर," तो म्हणाला. "हे तू आमच्या वार्तापत्रात लिहायला हवंस. खरंच. पण आपल्याला भावनांचाही विचार करायला हवा. या गावातल्या लोकांच्या मनात त्या दाराला एक जागा आहे."

"दाराला नाही, विटांना," मी म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही.

मॅव्हिस प्रॅट उठली. चर्चमध्ये मागच्या टेबलावर कार्डं आणि मध विकते ती. "मला एवढंच म्हणायचंय, की ऑक्टोबरात आपण सैतानाच्या दाराची फेरी काढतो, त्याच्या पैशांवर मनोऱ्याचं छप्पर झालंय. आणि माझ्याकडे भांडी पुसायचे रुमाल छापून आलेत. दोन खोकी. त्यावर दार आहे. बंद."

"मग उघडं छाप," थर्झा म्हणाली.

ती पुढच्या रांगेच्या टोकाला होती. रांगेत जागा नव्हती म्हणून मधल्या वाटेत, आणि केकची थाळी फिरवणाऱ्याला तिच्याभोवती वळसा घालावा लागत होता.

"थर्झा," जाइल्स म्हणाला, फार प्रेमाने. "तुला आत यायला कधी त्रास पडू दिलाय का आम्ही? एक रविवार तरी चुकलाय? मी तर म्हणतो, आपण उचलणाऱ्यांची नीट पाळी लावू. तरुण मुलं आहेत. सगळे आनंदाने करतील."

"त्यांच्या आनंदाचं मी काय करू?"

"अगं, कोणी उपकार म्हणून नाही करत."

"जाइल्स, माझी आई तुझ्या घरी स्वयंपाक करायची. तू सहा वर्षांचा असताना मी तुझं नाक फोडलंय, आठवतं का? तू मला म्हणालास, मागच्या दाराने जा. तेव्हापासून तू मला कुठल्या दाराने जायचं ते सांगतोयस."

लोक हसले. जाइल्सही हसला. त्याला हसता येतं, हीच अडचण आहे. ती हसली नाही.

"बाळाला पाणी लावलं की तू काठी घेऊन जातोस आणि भिंत ठोकतोस," ती म्हणाली. "सैतानाला वाट आहे या चर्चमध्ये. मला नाही. घरी एक माणूस मरतोय. त्याच्यामागून मला आत यायचंय. ही एवढी विटांची भिंत काढायचीये. मी दुसरं काही मागत नाहीये."

कोणीतरी खुर्ची सरकवली. फेलिसिटीबाई कपातल्या चहाकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या की आपण सगळ्यांनाच एडविनबद्दल किती वाईट वाटतंय, आणि असल्या कामाला धर्मप्रांताची परवानगी लागते, त्याला वेळ लागतो, त्यामुळे घाईत काही ठरवणं योग्य होणार नाही, आणि तरीही लोकशाही म्हणून हात वर करू या.

आमच्या बाजूने हात वर झाले ते एका बाकावर मावले असते. थर्झाला दर रविवारी उचलणारा लेन बग तिच्या मागेच बसला होता. त्याने कुठल्याच बाजूने हात वर केला नाही. तो डॅकम्बांच्या शेतावर कामाला आहे. आपल्या बुटांकडे बघत बसला होता.

बाहेर पडताना मॅव्हिसने माझा दंड धरला. "मनाला लावून घेऊ नकोस गं. तुझ्या त्या खापऱ्या खरंच गोड होत्या."

मी घरी जाऊन त्या सिंकमध्ये धुतल्या. गोड म्हणे. कोणाची तरी चूल होती ती, कोणाचं तरी भांडं होतं. त्या माणसांना त्यांच्याच चर्चच्या दारातून हाकललं, आणि त्यांची पणतवंडं हात वर करून म्हणाली की बरोबर केलं. जाइल्सपेक्षा मला या वर झालेल्या हातांचा राग जास्त आला. जाइल्स निदान स्वतःच्या पणजोबाची भिंत राखत होता.

एडविन मार्च संपता संपता गेला.

दफनाच्या दिवशी समुद्राकडून वारा होता, आमच्याकडे वसंतात असतो तसा, हाडांत शिरणारा. गाडी फाटकापाशी थांबली. सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली, लेन पुढे. थर्झा काळ्या कोटात, काळ्या हातमोज्यांत, खुर्चीची चाकं स्वतः फिरवत मागून येत होती. मी तिच्या बाजूला. देवडीपाशी सगळे थांबले. फेलिसिटीबाई प्रार्थनेचं पुस्तक छातीशी धरून उभ्या होत्या.

लेन मान वळवून म्हणाला, "थर्झा, आम्ही याला ठेवतो आणि लगेच येतो हं तुला घ्यायला."

"नको," ती म्हणाली.

"काय?"

"नको म्हणाले. त्याला आत न्या. त्याला थंडीत उभं करू नका."

"आणि तू?"

"माझं दार तिकडे आहे."

तिने खुर्ची वळवली. फेलिसिटीबाई खाली वाकून काहीतरी म्हणाल्या, "आजच्या दिवशी तरी" असं काहीतरी, आणि थर्झा म्हणाली, "आजच्याच दिवसासाठी मी विचारलं होतं, बाई." मग ती मनोऱ्याला वळसा घालून निघाली. गवत ओलं होतं, चाकं रुतत होती. मी खुर्चीला हात लावला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात काढला.

उत्तरेला ऊन नव्हतं. ती बुजवलेल्या दारासमोर थांबली, त्या झिजलेल्या उंबरठ्याला खुर्चीची पाय ठेवायची पट्टी लावून. मी तिच्या शेजारी उभी राहिले, मग कोट खाली घेऊन उंबरठ्यावर बसले.

विटांची भिंत दोन हात जाड असेल. तिच्यातून ऑर्गनचे खालचे सूर येत होते, वरचे येत नव्हते. त्यामुळे एडविनने निवडलेलं पहिलं गाणं कुठलं ते कळायला आम्हाला वेळ लागला. मग बोलणं सुरू झालं. बोलण्याचा नुसता गुंजारव येत होता, शब्द नाही. फेलिसिटीबाईंचा आवाज, मग एका पुरुषाचा. जाइल्सचा. मालक म्हणून त्याने दोन शब्द बोलायचे ठरले होते.

अचानक आतून हसण्याचा आवाज आला. सगळं चर्च हसलं.

थर्झाने मान वर केली. "काय सांगितलं असेल?"

"ट्रॅक्टर तळ्यात गेला ती गोष्ट असेल."

"ती?" ती म्हणाली. "त्या गोष्टीत मी पण आहे. मीच काढला होता तो दोर बांधून. एडविन काठावर उभा राहून सूचना देत होता." तिने कान विटांकडे केला. "ते सांगितलं असेल का जाइल्सने?"

मला माहीत नव्हतं. ती पुढे झुकली आणि तिने हातमोजा काढून तळवा विटांवर ठेवला. मला वाटलं ती आता रडेल. तिने विटेवर मूठ मारली. एकदाच, पण घंटा ओढणाऱ्या हाताने. बोटांच्या पेरांवरची साल निघाली. आत कोणाला ऐकू गेलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

सगळं आटपल्यावर पेटी बाहेर आली आणि दक्षिणेच्या दफनभूमीकडे निघाली. आम्ही वळसा घालून पुढे आलो तेव्हा सगळं गाव वाटेच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. कोणी थर्झाकडे बघत नव्हतं. मॅव्हिस डोळे पुसत होती. मला तिचा तो रुमालही सहन होईना.

खड्ड्यापाशी सगळं झाल्यावर लेन आला. खांद्यावर पेटीची कडा रुतल्याची घडी तशीच होती. "थर्झा, मी हात वर करायला पाहिजे होता," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

आणखी काही मिळणार नाही हे कळल्यावर तो गेला.

पुढच्या रविवारी थर्झा चर्चला आली नाही. त्यानंतरच्याही नाही. आणि तिला उचलणारे चौघंही आले नाहीत. आमच्या गावात उचलणारे चौघं म्हणजे सगळंच करणारे चौघं. तेच दफनभूमीतलं गवत कापतात, तेच पन्हळी साफ करतात, तेच घंटा वाजवतात, जत्रेला तेच टेबलं लावतात. लेनने कोणाला काही सांगितलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचा, "पाठ धरलीये." चौघांचीही पाठ एकदमच धरली होती.

एप्रिलमध्ये गवत घोट्याला आलं. मेमध्ये गुडघ्याला. थडगी दिसेनाशी झाली. पाच चर्चांच्या गळतीने फेलिसिटीबाई झाल्या नव्हत्या इतक्या हताश त्या या गवताने झाल्या. जाइल्सने बाहेरचा माणूस बोलावला. तो आला, मनोऱ्याखालच्या पबमध्ये एक बिअर प्यायला, तिथे काय ऐकलं कोण जाणे, आणि यंत्र गाडीतून न काढताच निघून गेला.

जूनच्या शेवटी जाइल्सच्या मुलीचं लग्न होतं.

मी इथे कोणाच्या हृदयपरिवर्तनाबद्दल लिहू शकले असते तर बरं झालं असतं. तसं काही घडलेलं मी पाहिलं नाही. मी एवढंच पाहिलं, की मेच्या मध्यावर एका सकाळी जाइल्स गुडघाभर गवतात उभा होता आणि शेजारी त्याची मुलगी पांढऱ्या बुटांकडे बघत होती. त्याच आठवड्यात त्याने स्वतः धर्मप्रांताकडे अर्ज केला, उत्तरेचं दार उघडावं म्हणून. लग्नाच्या आदल्या दिवशी गवत कापलं गेलं. घंटाही वाजल्या.

थर्झाला मी जाइल्सच्या अर्जाचं सांगितलं तेव्हा ती बागेत घेवडा चढवायला काठ्या रोवत होती, खुर्चीत बसूनच. "माणूस मेला तर हलला नाही," ती म्हणाली. "गवताने हलला."

"पण उघडणार."

"हेस्टर, मला कशासाठी पाहिजे होतं ते?"

मला माहीत होतं. मी काठी धरून उभी राहिले.

परवानगी, कारागीर, पुन्हा परवानगी यांत पुढच्या वर्षीचा शरद ऋतू आला. संगमरवरी पाटी दक्षिणेच्या भिंतीवर गेली. विटा निघाल्या, आणि त्यांच्या जागी ओकचं नवं दार बसलं, जड, लोखंडी कडीचं. उद्घाटनाला बिशप आले. जाइल्सने भाषण केलं. उंबरठा कसा मधोमध झिजला आहे, कोनाड्यातलं वाडगं कशासाठी असतं, उद्यानातल्या मातीत खापऱ्या कशा सापडतात, सगळं त्याने सांगितलं. चांगलं सांगितलं, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. "आमच्या घराण्याचा या दाराशी जुना संबंध आहे," असंही म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. मॅव्हिसकडे नवे रुमाल होते. दार उघडं.

रिबन कापायला थर्झाला बोलावलं होतं. ती आली नाही. फेलिसिटीबाईंनी मला तिच्याकडे पाठवलं. ती स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती.

"बिशप थांबलेत," मी म्हणाले. मला ते म्हणावं लागलं याचाच मला राग आला होता.

"थांबू देत. त्यांना केक द्या."

"येशील कधी?"

"येईन. रविवारी. लोक जसे येतात तशी. फोटोला नाही."

तो रविवार नोव्हेंबरचा होता. पहिलं गाणं सुरू झालं तरी ती आली नव्हती. मी पुढच्या बाकावर, जाइल्स माझ्या शेजारी. मग गाण्याच्या मध्येच उत्तरेच्या दाराची कडी वाजली. फिरली, आणि परत खाली पडली. गाणं चालूच होतं, पण आवाज कमी कमी होत गेला. पुन्हा कडी फिरली. दार इंचभर आत आलं आणि तिथेच अडलं. बसल्या जागेवरून एवढं जड दार ढकलणं सोपं नाही. हाताने दार ढकललं की खुर्चीच मागे जाते.

जाइल्स उठायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, ते प्रेमळ.

मी त्याची बाही धरली. "बसा," मी म्हणाले.

"अगं, तिला..."

"बसा खाली."

तो बसला. लेन मागच्या बाकावर हाताची घडी घालून समोर बघत होता. ऑर्गन वाजवणारीने बोटं उचलली. बाहेर चाकं मागे गेल्याचा आवाज आला, दगडावर, सावकाश. मग ती वेगाने आली. खुर्चीची पायाखालची लोखंडी पट्टी दारावर आदळली, नव्या ओकवर, आणि दार उघडलं. दारावर जो ओरखडा उठला तो अजून आहे.

ती आत आली. केस वाऱ्याने विस्कटलेले, चेहरा लाल. तिने कोणाकडे पाहिलं नाही. मधल्या वाटेने सरळ पुढे आली आणि वेदीसमोर जिथे पेटी ठेवतात त्या जागेपाशी थांबली. बराच वेळ ती त्या रिकाम्या फरशीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा राग जरासुद्धा कमी झाला नव्हता, आणि तो व्हावा असं मला वाटलंही नाही.

"चालू द्या," ती फेलिसिटीबाईंना म्हणाली.

दार तिच्यामागे सताड उघडं होतं. उद्यानावरून येणारा वारा थेट आत शिरत होता आणि गाण्यांच्या पुस्तकांची पानं उलटत होता. मॅव्हिस कुडकुडत होती, कोणीतरी खोकलं. लोक दाराकडे बघत होते आणि थर्झाच्या पाठीकडे बघत होते. ते लावायला कोणी उठलं नाही.